अर्जावरचे ‘प्रति’ : शाळा, मतपेटी आणि आपण

३० जानेवारी २०२३, सोमवार. औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघाचे मतदान होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले शिक्षक मिळून एक आमदार विधान परिषदेवर पाठवतात. परभणीच्या केंद्रावर मीही रांगेत उभा होतो. मतयंत्र नव्हते, मतपत्रिकेवर कमळ, घड्याळ, पंजा असे काही नव्हते. जांभळ्या शाईचा पेन हातात दिला आणि नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायला सांगितले. चिन्ह नसले तरी कोणता उमेदवार कोणत्या पक्षाचा हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ होते. २ फेब्रुवारीला मतमोजणी सुरू झाली आणि राष्ट्रवादीचे विक्रम काळे भाजपच्या किरण पाटलांना हरवून पुन्हा निवडून आले.

घरी आलो तेव्हा माझी बायको मतदारयाद्यांचे गठ्ठे लावत बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओचे कामही तिच्याकडे आहे. लोकसभा असो की विधानसभा, घरोघर जाऊन नावे तपासायची, नवीन नावे घालायची, मयतांची काढायची. ती म्हणाली, “सगळ्या गावाच्या निवडणुका आम्ही करायच्या आणि शिक्षकांच्या निवडणुकीत आम्हालाच मत नाही. मग आम्ही कोण आहोत?”

तिचे म्हणणे खरे आहे. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या साधारण एक-बारांश जागा शिक्षक निवडून देतात. महाराष्ट्रात ७८ पैकी अशा ७ जागा आहेत. पण मत कोणाला? ज्याने किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या संस्थेत शिकवले आहे त्यालाच. नववी-दहावीला मराठी शिकवणारा मी शिक्षक ठरतो. माझ्याकडे येणाऱ्या पोराच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल देणारी माझी बायको शिक्षक ठरत नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. शाळेचे निर्णय घेणारा माणूस कोण असावा, आणि त्याला निवडायचे कोणी? साहेबाने, पक्षाने, शिक्षकांनी की पालकांनी? आमच्या घरात तीन पिढ्यांनी एकाच कामासाठी अर्ज लिहिले आहेत. काम असे की उर्दू वर्गाला शिक्षक द्या. तिन्ही अर्जांवर ‘प्रति’च्या पुढे वेगवेगळे नाव होते. तोच इतिहास आज सांगतो.

दादांचा अर्ज : प्रति, मोहतमिम साहेब

माझे दादा निजामाच्या राज्यात शिकले. तेव्हा परभणी हैदराबाद संस्थानात होती. शाळा तालिमात खात्याच्या. वर हैदराबादेत नाझिम तालिमात, जिल्ह्यात मोहतमिम, शाळेत सदर मुदर्रिस. शाळा कुठे उघडायची, कोणता मुदर्रिस कुठे पाठवायचा, कोणती किताब लावायची, हे सगळे वरून ठरून यायचे. मत नावाची गोष्ट रयतेला माहीतच नव्हती.

दादांना त्याचे काही वाटायचे नाही, कारण साहेब त्यांच्या भाषेत बोलायचा. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळू लागले. इंग्रजीतली पुस्तके उर्दूत आणण्यासाठी वेगळे भाषांतर खाते, दारुल तर्जुमा, उभे राहिले. वैद्यक आणि गणितसुद्धा देशी भाषेत शिकवता येते हे त्या विद्यापीठाने दाखवले. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

पण याला दुसरी बाजू होती, आणि ती आपण आपल्या बैठकीत फारशी बोलत नाही. परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतली बहुसंख्य पोरे घरी मराठी बोलायची. त्यांना पुढे शिकायचे तर उर्दूत शिरावे लागायचे. खासगी मराठी शाळा काढायची तर सरकारची परवानगी पाहिजे, आणि ती सहज मिळायची नाही. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शाळेचे काम करत होते, त्याच्यामागे हीच कोंडी होती. पुढे संस्थानातल्या लढ्याचे नेते झालेले स्वामीजी आधी मास्तर होते, हा योगायोग नव्हता. शाळेच्या बाबतीत ज्याचे कोणी ऐकत नाही, तो हळूहळू राज्याच्या बाबतीतही बोलू लागतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. साहेब बदलला, दप्तराची भाषा बदलत गेली. दादा सांगायचे की दोन-एक वर्षांनी गावातल्या उर्दू वर्गाचा मुदर्रिस गेला आणि दुसरा आलाच नाही. दादांनी सुंदर नस्तालिक अक्षरात अर्ज लिहिला आणि जिल्ह्याच्या गावी नेऊन दिला. वरच्या बाजूला जुन्या सवयीने ‘बखिदमत जनाब मोहतमिम साहेब’ असे लिहिले होते. कारकुनाने तो वाचलासुद्धा नाही. “मराठीत लिहून आणा,” एवढेच म्हणाला. दादांना मराठी बोलता येत होती, लिहिता येत नव्हती. ते परत आले आणि अब्बांना म्हणाले, “बेटा, तू मराठी शीक.”

आज मी मराठीचा शिक्षक आहे, त्याचे मूळ त्या परत आलेल्या अर्जात आहे.

दादांच्या हयातीत जे मराठी पोरांच्या वाट्याला आले, तेच नंतर उर्दू वर्गाच्या वाट्याला आले. दोन्ही वेळा दोष भाषेचा नव्हता. साहेब आपला असला की आपले काम होते, तो गेला की काम थांबते. साहेबाच्या मेहेरबानीवर मिळालेली गोष्ट हक्क नसते. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे ते सांगते. दादांच्या अर्जाला तेव्हा अशा कलमाचा आधार नव्हता.

तिकडे मुंबई इलाख्यात

आमच्याकडे मोहतमिम साहेबांचे राज्य चालू होते, त्याच काळात शेजारच्या नगर-सोलापुरात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, वेगळेच काही घडत होते. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण खाते निवडून आलेल्या मंत्र्याकडे गेले. मुंबईत ते आले रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे. १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती दिल्या गेल्या. बोर्डाने एक स्कूल बोर्ड निवडायचे आणि त्याने शाळा चालवायच्या. स्त्रिया, अल्पसंख्य आणि मागास समाज यांनाही त्यात प्रतिनिधित्व मिळावे याचा विचार कायद्यात होता. साहेबाच्या टेबलावरून शाळा पहिल्यांदाच निवडून आलेल्या माणसांच्या टेबलावर आली.

लोकांच्या शाळा लोकांच्या हातात आल्या म्हणून सगळे सुरळीत झाले का? नाही. मुळात मत सगळ्यांना नव्हते, कर भरणाऱ्यांना होते. म्हणजे गावात ज्याची जमीन त्याचे मत, आणि ज्याचे मत त्याची शाळा. १९२९ साली हार्टोग समितीने लिहिले की स्थानिक संस्थांकडे कारभार फार सढळपणे सोपवला गेला आणि सरकारी तपासणी कमजोर झाली. पुढे १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने कायदा दुरुस्त करून बरेचसे नियंत्रण परत सरकारकडे घेतले. १९४७ च्या नव्या कायद्यात जिल्हा स्कूल बोर्ड राहिले, पण दोर सरकारच्या हातात घट्ट झाला.

पंचवीस वर्षांत शाळा साहेबाकडून लोकांकडे गेली आणि अर्धी परत साहेबाकडे आली. हा झोका पुढेही थांबला नाही. तो आपल्या परभणीतही आला, फक्त उशिरा आला.

अब्बांचा अर्ज : प्रति, मा. सदस्य

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर जिल्हा परिषदेचा कायदा आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. प्रत्येक जिल्हा परिषदेत एक शिक्षण समिती, तिचा सभापती लोकांनी निवडून दिलेला सदस्य, आणि शिक्षणाधिकारी तिचा सचिव.

आपल्याकडे शिक्षणासाठी वेगळी मतपेटी कधीच आली नाही. पुण्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अध्यक्षाची नेमणूक सरकार करते. १९६७ पासून आपली पुस्तके काढणारी बालभारतीही सरकारनेच उभी केलेली संस्था. शाळेचा कारभार मतदाराच्या सगळ्यात जवळ आला तो जिल्हा परिषदेतून, आणि ती निवडणूक पहिल्यापासून पक्षांची. मत देताना आपण रस्ता, पाणी, जात, बिरादरी, पक्ष असा सगळा हिशेब करतो. त्याच मतातून शिक्षण समितीही ठरते. पण शिक्षण समितीवर कोण जाणार हे विचारून मत दिल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

माझे अब्बा साठच्या दशकाच्या शेवटी प्राथमिक शिक्षक झाले. सुरुवातीला त्यांची नोकरी शेजारच्या एका जिल्ह्यात होती. शाळेला दोन खोल्या, वर्ग चार. उर्दूचे दोन वर्ग पिंपळाखाली बसायचे. पावसाळ्यात सुट्टी द्यावी लागायची. निवडणूक जवळ आली तेव्हा गावातले पालक गटाच्या सदस्याकडे गेले. अर्ज अब्बांनी लिहिला होता, मराठीत. ‘प्रति, मा. सदस्य, जिल्हा परिषद’. सदस्य शेतकरी माणूस, उर्दूचे एक अक्षर त्यांना येत नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, पिंपळाखाली येऊन बसले, आणि वर्षाच्या आत एक खोली मंजूर झाली. अब्बा म्हणायचे, “साहेबाला खोली दिसत नव्हती कारण त्याला मते मागायची नव्हती. त्या माणसाला मते मागायची होती, म्हणून पिंपळ दिसला.”

पुढच्या निवडणुकीत ते सदस्य पडले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अब्बांची बदली झाली, घरापासून सत्तर किलोमीटरवर. कारण लेखी कुठेच नव्हते. अब्बा पडलेल्या माणसाच्या जवळचे आहेत असे कोणीतरी कोणाच्या तरी कानात सांगितले होते. अब्बांनी कोणाचा प्रचार केला नव्हता. सरकारी शिक्षकाला तो करताही येत नाही. त्यांनी फक्त पालकांचा अर्ज लिहून दिला होता. अम्मी सांगते, त्या वर्षी मोठ्या भावाची शाळा मध्येच सुटली.

ज्या मतपेटीने खोली दिली, तिनेच बदली दिली. मी दोन्ही गोष्टी सांगतो, कारण आपल्यातले काही लोक फक्त पहिली सांगतात आणि काही फक्त दुसरी.

दूरचे दोन दाखले

शिक्षणाच्या कारभारासाठी वेगळी मतपेटी ठेवणारे देश आहेत. अमेरिकेच्या काही राज्यांत राज्य शिक्षण मंडळाचे सदस्य थेट लोक निवडतात, तेही पक्षाच्या नावावर. कॅन्सस राज्यात असे दहा सदस्य आहेत. १९९९ साली तिथल्या मंडळात एका विचाराच्या लोकांचे बहुमत झाले आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा बराच भाग सहा विरुद्ध चार मतांनी काढला गेला. पुढच्या निवडणुकीत लोकांनी मंडळ बदलले, २००१ मध्ये तो भाग परत आला. २००५ मध्ये पुन्हा बहुमत फिरले आणि अभ्यासक्रम पुन्हा बदलला. २००७ मध्ये आणखी एकदा. आठ वर्षांत चार वेळा! विज्ञान तेच होते, बदलत होत्या त्या फक्त खुर्च्या. पण ज्या मतपेटीने बिघडवले तिनेच दुरुस्त केले, हेही विसरू नये. अब्बांची खोली आणि बदली तिकडेही आहेत, फक्त आकार मोठा आहे.

दुसरा दाखला जुना आहे आणि अल्पसंख्याकांसाठी जास्त कामाचा आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने स्थानिक स्कूल बोर्डे आली. तिथे मत मोजण्याची रीत निराळी होती. बोर्डावर जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला. ती वेगवेगळ्या उमेदवारांना वाटा किंवा सगळी एकालाच द्या. त्यामुळे गावात थोडे असलेले कॅथलिक लोकही सगळी मते एका माणसावर टाकून आपला प्रतिनिधी बोर्डावर पाठवू शकत. स्त्रिया तेव्हा पार्लमेंटला मत देऊ शकत नव्हत्या, पण स्कूल बोर्डावर उभ्या राहू शकत होत्या. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. भांडणे तिथेही होती, चर्चची आणि पंथांची. १९०२ च्या कायद्याने ती बोर्डे बंद झाली. तरी एक गोष्ट लक्षात राहते. राखीव जागा नसतानाही थोड्या लोकांना टेबलावर जागा मिळाली, ती केवळ मत मोजण्याच्या रीतीमुळे.

आपल्या जिल्हा परिषदेच्या गटात एकच जागा असते. ज्याला जास्त मते तो आला, बाकीच्यांची मते वाया. आपली वस्ती चार गटांत विखुरलेली असली तर चारही ठिकाणी आपण ‘निर्णायक’ असतो, आणि निकालानंतर एकाही ठिकाणी नसतो. निवडणुकीच्या आधीचा कौतुकाचा ‘निर्णायक’ हा शब्द आपण फार वर्षे ऐकतो आहोत.

माझा अर्ज : प्रति, ......

मागच्या काही वर्षांत झोका पुन्हा फिरला. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या. भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होऊ लागली. अब्बांच्या पिढीच्या कोणत्याही गुरुजींना विचारा, ते म्हणतील की बरे झाले, वशिला गेला. मलाही तसेच वाटते. कोणाच्या कानात काही सांगून आता बदली होत नाही.

पण त्याचबरोबर पिंपळाखाली येऊन बसणारा माणूसही गेला. २०२२ च्या मार्चमध्ये परभणीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत. सदस्य नाहीत, सभापती नाहीत, शिक्षण समिती नाही. कारभार प्रशासकाकडे. म्हणजे पुन्हा साहेबच.

अशातच एका गावातून काही पालक माझ्या घरी आले. उर्दू शाळा, चार वर्ग, पोरे साठाच्या वर आणि शिक्षक एक. तो एक शिक्षकही मीटिंग, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या हिशेबात गुंतलेला. “सर, तुमची मराठी चांगली आहे, अर्ज लिहून द्या,” म्हणाले. मी कागद घेतला. ‘प्रति’ लिहिले आणि पेन थांबला.

कोणाला लिहू? सदस्य तर नाहीतच. आमदारांना लिहावे तर ज्यांना मी जांभळ्या पेनने मत देतो त्या शिक्षक आमदारांच्या मतदारांत प्राथमिक शिक्षक नाहीत आणि पालकही नाहीत. पोर्टलला अर्ज लिहिता येत नाही. मंत्रालय दूर आहे. तिथे शाळेचे मोठे निर्णय कसे होतात आणि कसे मागे घेतले जातात ते आपण २०२५ मध्ये पाहिले. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, राज्यभर विरोध झाला, २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांच्या वादात उर्दू शाळेतले पोर पहिल्यापासूनच उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा शिकते, हे किती जणांच्या लक्षात आले? कारण ते सांगणारे कोणी त्या टेबलावर नव्हते.

पाच-दहा मिनिटे तसाच बसलो. मग पालकांना विचारले, “तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण आहे?” चौघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यातल्याच एकाच्या भावाचे नाव निघाले. त्या भावालाच ते माहीत नव्हते.

पक्षाशिवायची निवडणूक

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळेत व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. इंग्लंडमध्ये मोजण्याच्या रीतीने जे साधले, ते इथे कायद्याने लिहूनच दिले आहे. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. (खासगी अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हा कायदा त्यांना लागू नाही. पण जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळा सरकारी आहेत, त्यांना तो लागू आहे.)

या समितीची निवड पालकसभेत होते. तिथे पक्ष नाही, चिन्ह नाही, अनामत रक्कम नाही. कॅन्ससपासून परभणीपर्यंत शाळेवर मतदाराचा हात पोचावा म्हणून इतक्या खटपटी झाल्या. आपल्या पोराच्या शाळेत ती मतपेटी पालकांच्या हाताला लागून आहे, आणि आपण तिच्याकडे पाहत नाही.

बायकोच्या शाळेतली गोष्ट सांगतो. पालकसभेची चिठ्ठी ४१ घरांत गेली. नऊ जण आले, त्यातल्या सात बायका. पुरुष कुठे होते? त्याच आठवड्यात चौकात एका नेत्याची सभा होती आणि तिथे खुर्च्या कमी पडल्या होत्या. समिती ‘बिनविरोध’ झाली, म्हणजे रजिस्टरमध्ये नावे लिहिली गेली आणि अंगठे-सह्या घेतल्या गेल्या. आपण तक्रार करतो की आपल्याला कोणी विचारत नाही. जिथे विचारतात तिथे आपण जात नाही.

त्या पालकांना मी अर्ज लिहून दिला नाही. त्यांना सांगितले, आधी समितीची सभा घ्या, ठराव करा. सभा झाली. ठरावात मी तीनच गोष्टी घालायला लावल्या. एक, साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वदला तीन, हे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टातच आहे. दोन, कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. तीन, कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ठरावाखाली अध्यक्षांची सही आणि अकरा पालकांची नावे. त्यात सहा आयांची. पहिली सही करणारी खाला पन्नाशीची होती, नातवासाठी आली होती. तिने सही उर्दूत केली, आणि या वेळी कोणी कागद परत केला नाही.

फार मोठे काही झाले असे नाही. एक शिक्षक ‘कामगिरीवर’ आला, म्हणजे पद दुसऱ्या शाळेत आणि काम इथे. तो कधीही परत जाऊ शकतो. तिसरे पद अजून रिकामेच आहे. पण दुसरीच्या पोरांना आता स्वतःचा वर्ग आहे, आणि पालकांना माहीत आहे की पुढचा कागद कुठे आणि कोणत्या कलमाखाली द्यायचा. तीन महिन्यांची तारीख अध्यक्षांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवली आहे.

शाळेत राजकारण नको असे आपण सहज म्हणतो. दादांच्या काळात शाळेत मत नव्हते, तरी राजकारण होतेच, फक्त ते हैदराबादेत व्हायचे. आज पोर्टलच्या मागेही ते आहे, फक्त दिसत नाही. अब्बांची बदली झाली त्या वर्षी मी त्यांच्या जागी असतो तर मीही मतपेटीला शिव्या दिल्या असत्या. अब्बांनी दिल्या नाहीत. ते म्हणायचे, “पडलेला सदस्य पुन्हा उभा राहू शकतो, मोहतमिम साहेबाला कोण पाडणार?”

तेव्हा जिल्हा परिषदेला मत मागायला कोणी दारात आला तर त्याला एक प्रश्न नक्की विचारा. शिक्षण समितीवर गेलात तर आमच्या शाळेच्या रिकाम्या पदाचे काय कराल? आणि त्याच्याही आधी, तुमच्या पोराच्या शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली तर त्या दिवशीची मजुरी, दुकान, सभा सगळे दोन तास बाजूला ठेवा. भाऊजान, आपा, जाऊन बसा. नाव द्या. निवडणूक झाली तर उभे राहा.

दादांनी अर्ज साहेबाला लिहिला, अब्बांनी सदस्याला. माझ्या अर्जातले ‘प्रति’ रिकामे राहिले. ते बरेच झाले असे आता वाटते. नाही तर त्या गावातल्या पालकांना मी पुन्हा एक अर्जच लिहून दिला असता.